एकरी किती? : गिरडच्या ज्वारीची आणि मापाच्या न्यायाची कथा

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यात गिरड नावाचे गाव आहे. गावालगतच्या टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा असून हिंदू व मुसलमान अशा दोन्ही समाजांचे भाविक पिढ्यान्पिढ्या तेथे जात आले आहेत. या टेकडीच्या परिसरात सुपारी-जायफळाच्या आकाराचे गोल व टणक खडे सापडतात. कोणा वाटसरू व्यापाऱ्याने बाबांची थट्टा केली आणि त्याच्या विकाऊ मालाचे दगड झाले, अशी लोककथा त्यांच्याविषयी सांगितली जाते. भूगर्भशास्त्राचे सांगणे वेगळे आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेला लाव्हारस थिजला तेव्हा त्यात पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्या पोकळ्यांत जिओलाइट वर्गातील खनिजांचे गोळे तयार झाले. खडक झिजला, गोळे मागे उरले. आणि खडकाचा झिजलेला भाग पाण्याबरोबर खाली उतरून सखल जागी काळी माती होऊन साचला.

टेकडीवरचा खडा आणि खोलगट भागातील काळी माती ही अशी एकाच खडकाची लेकरे आहेत. परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीने त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. एकाच शिवारात टेकडीच्या कुशीला वीतभर मातीखाली मुरूम लागतो, तर नाल्याकाठी पुरुषभर खोल काळी माती असते. पाऊस दोघींवर सारखाच पडतो; खोल माती तो पोटात साठवते आणि उथळ माती तो चार दिवसांत गमावून बसते. तेव्हा 'गिरडला ज्वारी एकरी किती होते?' या साध्या प्रश्नाचे एक उत्तर देता येत नाही. गिरडमध्येच ते देता येत नाही, तर गिरड आणि सोलापूर, गिरड आणि पंजाब यांची तुलना आपण कोणत्या मापाने करावी? हा प्रश्न केवळ पंडितांचा नाही. शेतसारा किती बसावा, दुष्काळ जाहीर व्हावा की नाही, विम्याची भरपाई मिळावी की नाही आणि शेवटी शेतकऱ्याला आळशी म्हणावे की कष्टाळू, हे सारे गेल्या दीडशे वर्षांत याच मापावर ठरत आले आहे. म्हणून त्या मापाचा इतिहास पाहणे अगत्याचे आहे.

बीजाचे माप आणि जमिनीचे माप

आज आपण पिकाचे माप एकरी किंवा हेक्टरी क्विंटलांत सांगतो. हे माप फार जुने नाही. पूर्वीच्या काळी पेरलेल्या बियाण्याच्या किती पट धान्य आले, असे विचारीत. पेरणाऱ्याचा दाखला आपल्या परिचयाचा आहे. चांगल्या जमिनीत पडलेल्या बीजाचे पीक तेथे तीसपट, साठपट, शंभरपट असे मोजले आहे; एकराचा उल्लेख नाही. ज्या काळी घरातील मुलांच्या तोंडचा घास काढून बियाणे राखावे लागे, त्या काळी हेच माप खरे होते. मध्ययुगीन युरोपात गव्हाचे पीक बहुधा तीन ते पाच पटच येई. म्हणजे दर चार-पाच पोत्यांपैकी एक पोते पुन्हा मातीत टाकावे लागे.

हे जुने माप आज लावून पाहिले तर एक मौज दिसते. पंजाबात गव्हाचे बियाणे हेक्टरी सुमारे एक क्विंटल लागते आणि पीक सुमारे पन्नास क्विंटल येते; म्हणजे पन्नासपट. कोरडवाहू ज्वारीला हेक्टरी आठ-दहा किलो बियाणे पुरते आणि पीक आठ-दहा क्विंटल आले तरी ते शंभरपट होते. हेक्टराच्या मापाने पंजाबचा गहू पाचपट पुढे, तर बियाण्याच्या मापाने विदर्भाची ज्वारी दुप्पट पुढे! यावरून ज्वारी श्रेष्ठ ठरते असे मुळीच नाही. माप बदलले की क्रम बदलतो, एवढेच यातून ध्यानी घ्यावयाचे. पाण्याच्या प्रत्येक थेंबामागे किती, मजुरीच्या प्रत्येक दिवसामागे किती, खर्चाच्या प्रत्येक रुपयामागे किती, असे विचारले तर आणखी निराळे क्रम लागतील.

आणखी एक गोष्ट. ज्वारीचे उत्पादन मोजताना सरकारी कागद केवळ दाण्याकडे पाहतो. शेतकऱ्याच्या घरी मात्र ज्वारी दोन पिके देते : दाणा माणसाला आणि कडबा बैलाला. बैलाचे शेण पुढील वर्षी पऱ्हाटीच्या शेतात जाते. कापूस, ज्वारी आणि त्यांच्या ओळींत तूर, अशी ही जुनी व्यवस्था होती. तिच्यातील एका धान्याचे वजन वेगळे काढून त्यावरून साऱ्या शेतीचा निवाडा करणे हे घरातील एका माणसाच्या मिळकतीवरून साऱ्या कुटुंबाची किंमत करण्यासारखे आहे.

साहेबाची मोजणी

नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ साली इंग्रजांनी खालसा केले. १८६१ साली मध्यप्रांत स्थापन झाला आणि १८६२ साली नागपूरपासून वेगळा काढून वर्धा जिल्हा निर्माण करण्यात आला. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटले (१८६१–६५), तिकडील कापूस इंग्लंडला जाईनासा झाला आणि हिंगणघाटच्या कापसाला सोन्याचे मोल आले. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. तोवर या भागातील शेतकरी घरच्या खाण्यासाठी ज्वारी आणि विकण्यासाठी गहू, जवस, कापूस असे सारेच थोडेथोडे घेत असे. आता बाजार त्याला एका पिकाकडे ओढू लागला.

शेतसारा बसविण्यासाठी इंग्रज अधिकाऱ्यांना जमिनीची प्रतवारी करावी लागली. ती करताना त्यांनी शेतकऱ्यांचेच शब्द उचलले. खोल व सुपीक ती काळी, तिच्याहून काहीशी हलकी, चुनखडीचे कण असलेली ती मोरंड, त्याखालची खरडी, आणि दगडगोट्यांची उथळ ती बरडी. १८८० नंतर मध्यप्रांतात बॅम्फिल्ड फुलर या अधिकाऱ्याने या प्रतवारीला अंकांची जोड दिली. प्रत्येक प्रतीच्या जमिनीला तिच्या सापेक्ष उत्पादकतेनुसार गुण द्यावयाचे. शेत सपाटीवर आहे, चढावर आहे, नाल्यांनी चिरलेले आहे की बांध घातलेले आहे, हे पाहून ते गुण कमीअधिक करावयाचे. आणि मग गावाच्या एकूण गुणांशी तेथील खंडाची तुलना करावयाची, अशी ही पद्धत होती.

या पद्धतीचा हेतू सरकारी वसुलीचा होता, दयेचा नव्हे. मालगुजार आणि कुळे यांच्यावरील बोजा पुढे वाढतच गेला, हेही विसरता येत नाही. तथापि, त्या पद्धतीत एक न्यायाचे तत्त्व दडलेले होते, ते मान्य केले पाहिजे. बरडीच्या धन्याला 'तुझ्या शेजाऱ्याच्या काळीत इतके पिकते, तुझ्यात का नाही?' असे विचारता येत नाही, हे तत्त्व तिने आकड्यांत मांडले. प्रथम जमीन जमिनीशी जुळवून घ्या आणि मगच माणसाची माणसाशी तुलना करा, असा तिचा आशय होता.

निसर्गाने मात्र या साऱ्या गणितावर पाणी फिरविले. १८९३ पासूनची दोन-तीन वर्षे अवकाळी पाऊस आणि तांबेरा यांनी मध्यप्रांतातील गहू व जवस बुडविले. पाठोपाठ १८९६–९७ आणि १८९९–१९०० असे दोन भीषण दुष्काळ पडले. या फटक्यांनंतर वर्ध्याच्या शेतकऱ्याने गव्हाखालची जमीन कमी करून कापूस व ज्वारी वाढविली. बाहेरून पाहणाऱ्याला यात केवळ बाजाराची ओढ दिसेल. परंतु त्यात मोठे व्यावहारिक शहाणपण होते. ज्वारी तांबेऱ्याने गव्हासारखी बुडत नाही, पावसाची उघडीप सोसते आणि कडबा तर देतेच. हेक्टरी वजन अधिक कोणाचे, हा प्रश्न त्याने विचारला नाही. वाईट वर्षात घर कोण तारील, हा विचारला.

नजर आणि तराजू

जमिनीची प्रतवारी झाली, तरी दर वर्षीचे पीक मोजण्याची रीत नजरेचीच होती. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक आणि त्या मानाने यंदा किती आणे, ते पटवाऱ्याने शेत पाहून सांगावयाचे, हीच आणेवारी. दशमान नाणी आल्यावर तिची पैसेवारी झाली. पन्नास पैशांच्या आत की वर, यावर टंचाईच्या सवलती पुढे कित्येक वर्षे अवलंबून राहिल्या. 'पूर्ण पीक' म्हणजे नेमके किती, हे मात्र सांगणाऱ्याच्या मनावर होते.

या नजरेच्या जागी तराजू आणण्याचे श्रेय ज्यांना जाते, त्यांत एका मराठी माणसाचे नाव अग्रभागी आहे. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या वतीने पीककापणीचे प्रयोग शास्त्रीय पायावर उभे केले. गावे आणि शेते कोणाच्याही पसंतीने न निवडता चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडावयाची, शेतात ठरावीक मापाचा चौकोन आखावयाचा, तेवढे पीक कापून, मळून, तोलावयाचे. त्याच काळात बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस हेही असेच काम करीत होते. ते फार लहान तुकडे कापीत. तुकडा लहान असला की कडेवरची रोपे मोजणाराच्या हातून आत ओढली जातात आणि पीक असल्यापेक्षा अधिक दिसते, असे सुखात्मे यांनी दाखवून दिले. या दोन थोर शास्त्रज्ञांचा वाद केवळ पद्धतीचा वाटेल. पण उत्पन्न फुगवून दाखविले गेले तर दुष्काळात धान्य कमी पाठविले जाते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाच्या छायेत हा वाद चालला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे गांभीर्य कळते.

आजही पीकविम्याची भरपाई मुख्यतः अशाच कापणीप्रयोगांतून निघालेल्या सरासरीवर ठरते. तराजू खरा असला तरी सरासरी ही सरासरीच. खोलगट काळीतले आणि टेकडीच्या बरडीतले पीक एकत्र करून काढलेला आकडा या दोहोंपैकी कोणाच्याही शेताचा नसतो. फुलरच्या गुणपत्रकाने जो भेद मानला होता, तो येथे पुन्हा पुसला जातो.

कार्यक्षम कोण?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. १९५७ साली मायकेल फॅरेल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. उत्पादकता आणि कार्यक्षमता या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्याने स्पष्ट केले. माझ्याजवळ जी जमीन, जे पाणी, जे मनुष्यबळ व जे बियाणे आहे, तेवढ्याच सामग्रीत माझ्यासारख्यांपैकी सर्वांत कुशल माणूस जे पीक काढतो, त्याच्या किती जवळ मी पोहोचतो, ही झाली तांत्रिक कार्यक्षमता. समजा, पंजाबातील एका शेतकऱ्याला हेक्टरी चाळीस क्विंटल गहू होतो. पण तेवढ्याच कालव्याच्या पाण्यात व खतात त्याचा शेजारी पन्नास काढतो. म्हणजे तो शंभरातील ऐंशीच हिश्शांनी कार्यक्षम. आणि समजा, गिरडच्या बरडीवर एकाला नऊ क्विंटल ज्वारी होते आणि तशाच बरडीवर, तेवढ्याच पावसात कोणालाही दहाच्या वर जाता येत नाही. तो शंभरातील नव्वद हिश्शांनी कार्यक्षम. पोती मोजणारा पंजाबच्या शेतकऱ्याला शाबासकी देईल. कसब मोजणाऱ्याने गिरडच्या शेतकऱ्याला द्यावयास हवी.

हे केवळ कागदी गणित नाही. १९५० च्या दशकात डेव्हिड हॉपर या कॅनेडियन अभ्यासकाने उत्तर प्रदेशातील सेनापूर गावी राहून तेथील शेतीचा बारकाईने हिशेब मांडला. आहे त्या साधनांचा गावकरी इतका नेटका वापर करीत होते, की साधनांची वाटणी बदलून पीक फारसे वाढणे शक्य नव्हते, असे त्यातून दिसले. थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात या अभ्यासाचा मोठा आधार घेतला आणि पारंपरिक शेतकरी गरीब असला तरी अकार्यक्षम नाही, असे प्रतिपादन केले. १९७९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. शुल्ट्झ येथे थांबले नाहीत, हे महत्त्वाचे. शेतकरी आधीच कुशल असेल तर त्याला उपदेश करून काय साधणार? त्याला नवे साधन हवे : नवे बियाणे, पाणी, शिक्षण, संशोधन. ते पुरविणे हे समाजाचे काम.

पंजाबात ते काम झाले. कालवे होते, कूपनलिका आल्या, गव्हाचे बुटके वाण आले, हमीभावाने खरेदी आली. देशाचे गव्हाचे उत्पादन १९६४–६५ मधील सुमारे १२३ लाख टनांवरून १९६९–७० पर्यंत सुमारे २०१ लाख टनांवर गेले. महाराष्ट्रात ज्वारीसाठीही प्रयत्न झाला. १९६४ साली सीएसएच-१ हा पहिला संकरित वाण प्रसृत झाला आणि विदर्भाचेच सुपुत्र असलेले मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी संकरित ज्वारीचा मोठ्या हिरिरीने पुरस्कार केला. १९६९ साली अकोल्याला कृषी विद्यापीठ स्थापन झाले.

पुढे काय झाले, त्याची साक्ष एका दीर्घ अभ्यासात मिळते. हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय कोरडवाहू पीक संशोधन संस्थेने १९७५ पासून निवडक खेड्यांतील कुटुंबांच्या शेतीच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या. त्यांत अकोला भागातील कान्झरा व किनखेडा आणि सोलापूरकडील शिरापूर व कळमण ही गावे होती. अकोल्याच्या बाजूस पाऊस भरवशाचा, ज्वारी खरिपाची. तेथील शेतकऱ्यांनी संकरित बियाणे झपाट्याने उचलले. सोलापूरला पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. तेथे ज्वारी रब्बीची, केवळ मातीत मुरलेल्या ओलीवर वाढणारी. तेथील शेतकरी आपल्या मालदांडीलाच धरून राहिला. वरवर पाहता एक प्रगतिशील आणि एक मागासलेला. प्रत्यक्षात दोघांचाही निर्णय आपापल्या मातीला धरून होता; संकरित वाण सोलापूरच्या रब्बीसाठी तयारच झालेला नव्हता.

दोन अंतरे

यावरून दोन प्रदेशांमधील उत्पादनाचे अंतर खरे तर दोन अंतरांचे मिळून बनलेले असते, असे दिसते. पहिले, त्याच प्रदेशातील उत्तम शेतकरी आणि सामान्य शेतकरी यांतील अंतर. हे कसब, कष्ट, वेळेवर पेरणी, चांगला सल्ला यांनी भरून निघते आणि त्याची जबाबदारी शेतकऱ्यावर काही अंशी येते. दुसरे, एका प्रदेशातील उत्तम शेतकरी आणि दुसऱ्या प्रदेशातील उत्तम शेतकरी यांतील अंतर. हे माती, पाऊस, सिंचन, संशोधन, रस्ते आणि भाव यांचे अंतर आहे. गिरडचा शेतकरी दिवसरात्र राबला तरी हे त्याच्या हातून मिटणार नाही. पंजाबचा जवळजवळ सारा गहू भिजतो. महाराष्ट्रातील पिकांखालच्या जमिनीपैकी पाचवा हिस्साही सिंचनाखाली नाही, असे आकडे वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. दुसऱ्या अंतराचा दोष पहिल्याच्या माथी मारणे हा खरा अन्याय होय.

हा अन्याय विदर्भाला महाग पडला. उशिराच्या पावसात संकरित ज्वारीचे कणीस बुरशीने काळे पडे, दाण्याला भाव मिळेना, बुटक्या वाणाचा कडबाही कमी. रानडुकरांचा उपद्रव वाढला, कापणी-मळणीला मजूर मिळेनासे झाले. १९८० नंतर सोयाबीन आले, २००२ नंतर बीटी कापूस आला. महाराष्ट्रात १९६०–६१ साली ज्वारीखाली सुमारे ६३ लाख हेक्टर जमीन होती. आता ती वीस लाखांच्याही खाली आली आहे आणि तीतही बहुतांश रब्बीचीच. वर्ध्याच्या शेतकऱ्याच्या घरात ज्वारी होती तोवर कापूस बुडाला तरी भाकर आणि कडबा उरत असे. आता दोन्ही विकाऊ पिके, दोन्हींचा खर्च उधारीचा आणि धान्य विकतचे. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी देश हादरला. २००६ साली पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, त्यांत वर्धा होता. या दुःखाची कारणे अनेक आहेत आणि केवळ ज्वारी गेली म्हणून ते आले, असे म्हणणे भोळेपणाचे ठरेल. परंतु वाईट वर्षाचा आधार देणारे पीक हेक्टरी वजनाच्या शर्यतीत हरले, एवढे खरे.

याच वर्धा शहरी मगनवाडीत बसून जे. सी. कुमारप्पा या ख्रिस्ती अर्थतज्ज्ञाने हा धोका फार पूर्वी ओळखला होता. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे ते सूत्रधार. गावाने प्रथम आपल्या अन्नाची, वस्त्राची व जनावरांच्या चाऱ्याची गरज मोजावी आणि त्या प्रमाणात जमीन पिकांना वाटून द्यावी, असा संतुलित शेतीचा विचार त्यांनी मांडला. त्यांचे सारेच म्हणणे आजच्या काळात जसेच्या तसे लागू पडेल असे नाही. बाजार टाळून कोणाचेच भागत नाही. परंतु पिकाचे माप ठरविण्याआधी गरजेचे माप ठरवा, हे त्यांचे सांगणे आजही विचारात घेण्याजोगे आहे.

२०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले आणि ज्वारीला शहरांतून पुन्हा मान मिळू लागला. हा मान शेतापर्यंत पोहोचावयाचा असेल तर काळ्या न पडणाऱ्या दाण्याचे व भरपूर कडब्याचे वाण, रानडुकरांपासून संरक्षण, यंत्राने कापणी आणि खात्रीची खरेदी यांची सोय व्हावयास हवी. ही दुसऱ्या अंतराची कामे आहेत. ती एकट्या शेतकऱ्याची नव्हेत.

किनारपट्टीवरील आपल्या वाचकांना भातखाचर परिचयाचे आहे. खाऱ्या पाण्याच्या काठचे खाचर आणि गोड्या पाण्याचे खाचर यांच्या पिकाची तुलना आपले वडीलधारे कधीच सरळ करीत नसत. आधी पाणी विचारीत, मग पीक. हीच रीत गिरडच्या शेतकऱ्यालाही लावली पाहिजे. त्याचे पीक किती, हे विचारण्यापूर्वी त्याची जमीन काळी की बरडी, त्याला पाणी किती, त्याला भाव काय, हे विचारावे. एवढे विचारून झाल्यावर ज्याला आळशी म्हणता येईल, असा शेतकरी आपल्याला फारसा आढळणार नाही.